पिशवी कुणी धरायची

दिवाळी तोंडावर आलेली. साहेबांना कुठली बाटली न्यावी, या पेचात आदिनाथ दारूच्या दुकानासमोर रांगेत उभा होता. त्याच्या पुढे पटका बांधलेला नवरा आणि डोईवर पदर घेतलेली बायको. बायको फणफणत होती.

“पोरीचा पयला दिवाळसण. उद्या जावयासंगं व्याही येनार, आनि तुमाला बाटली आज आठवती व्हय!”

“जावयाला कापडं घेतली. व्याह्याला कायच न्हाय, बरं दिसंल का?”

“मग घ्या की.”

“मी दाखवतो, तू घे. ती बघ, वरची काळी. रम हाय.”

“आन ती लाल?”

“वाईन. आपला व्याही सरबत म्हनून पिऊन टाकंल.”

“लई ठावं तुमाला!”

“ठावं हाय म्हनून तर सोडली. पोरगी पाळण्यात घातली त्या दिवशी शपथ घेतली, बाटलीला हात लावायचा न्हाय.”

“उद्या व्याह्यांनी पेला पुढं केला तर?”

“पोरगी असंल की समोर.”

दुकानदाराने पिशवी पुढे केली. “धरा, मामा.”

मामांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. पिशवी बायकोने घेतली.

“आवो, पायऱ्या हायत. माजा गुडघा धरलाय. पिशवीचा एक बंद तरी धरा.”

“पिशवी न्हाय. तुला धरतो.”

“सोडा! समदी बघायलेत की.”

“बघू दे.”