हाताची घडी

हाताची घडी घाला मावशी, हनुवटी वर, कॉन्फिडन्स दिसला पाहिजे, असं फोटोवाला म्हणाला, आणि माझ्या मागून कुणीतरी हळूच बोललं, हिला पुढे नको घेऊस, पट्टी दिसते. आमचे साहेबच होते ते.

तशी मी इथल्याच, तारापूरजवळच्या सालवडची. वडील साताऱ्याकडून इथे कामाला आले, आम्ही भाड्याच्या खोलीत वाढलो, पण मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं, आणि शाळेच्या प्रत्येक फोटोत मी शेवटच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी. आई फोटो बघून विचारायची, ह्यात तू कुठली गं, ही वेणी का? बोलायला मला जमत नाही, लिहायला जमतं, म्हणून तारापूरच्या एका केमिकल कंपनीत ऑफिसात लागले. पत्रं, अहवाल, देतील ते इंग्रजीत टाईप करायचं.

त्या दिवशी गेटवरच्या बोर्डासाठी फोटो होता, कामगारांच्या सुरक्षेचा, ऑफिसातल्यांनाही त्यात उभं केलं होतं. काय सांगू तुम्हाला, सकाळी बोईसरच्या दुकानातून नवे हातमोजे, चष्मे, हेल्मेट आले आणि साहेबांनी बजावलं, लेबल कुणी काढायचं नाही, संध्याकाळी सगळं परत करायचंय. फोटोवाला एरवी लग्नाचे फोटो काढतो, तो एकेकीचं लेबल आत खोचत फिरत होता, नवरीच्या पिना लपवाव्यात तसा. एक बाई म्हणाली, आमी पण नवरी झालो आज, आणि सगळ्या हसल्या. मला हसू नाही आलं. ह्याच बायका रोज फाटक्या मोज्यांनी ड्रम धुतात, माझ्या खिडकीतून दिसतात मला.

जयवंतीमावशी त्यांच्यातलीच, डोंगराकडच्या पाड्यावरून येते, घरचा भात लावून झाला की कंपनीत. फोटोच्या आठ दिवस आधी मोज्याच्या भोकातून ॲसिड आत गेलं, उजवा हात मनगटापर्यंत भाजला. साहेब मला म्हणाले, अहवालात लिही, कामगार घरी चुलीवर भाजली. म्हणजे उपचार तिचे तिने करायचे आणि रजाही नाही, म्हणून तर ती पट्टी बांधून कामावर येत होती. मी लिहिलं. स्पेलिंगसुद्धा तपासलं. साहेबांची किळस येते असं मी सगळ्यांना सांगते, पण त्या दिवसापासून जेवताना मला माझीच बोटं नकोशी वाटायची.

तर मावशी फोटोवाल्याला म्हणाली, घडी नाय होत हो, बोटं वाकत नाय. मग साहेब म्हणाले, मॅडमला उभी करा तिच्यापुढे, इंग्लिश शिकलेली आहे, स्मार्ट दिसेल. झालं, मला पुढे ढकललं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या मागे लपले आणि आता माझ्यामागे कुणाला तरी लपवत होते. मी घातली घडी. खांदे मागे घ्या, फोटोवाला सांगत होता, हसा ना मॅडम, मालकीण वाटल्या पाहिजेत. नव्या मोज्यांना रबराचा वास, आणि पाठीमागून मलमाचा. मावशी हळूच म्हणाली, तू हास ताई, मी हाय मागं, माजं काय.

माझे हात सुटलेच.

आता बोर्ड लागलाय गेटवर, येता-जाता दिसतो, सगळे छान ताठ उभे आहेत, आम्ही दोघी त्यात नाही. अहवाल बदलला, तो मला टाईप करायला दिला नाही. मावशीला रजा मिळाली. मला मागच्या खोलीत बसवलंय, तिथे खिडकी नाही, आणि किती दिवस ठेवतील तेही कुणी सांगत नाही. परवा मावशी काकड्या घेऊन आली, डाव्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तुजं चांगलं होईल म्हणाली. होईल तेव्हा होईल.

मी काय बोलले विचारताय ना, फार काही नाही. बाजूला सरकले, मान खालीच होती, सगळ्यांसमोर साहेबांना एवढंच म्हणाले, सर, ही चुलीवर नाही भाजली, इथे भाजली, अहवाल मी लिहिलाय आणि तो खोटा आहे.