दुबईच्या कुत्र्याच्या आंघोळीचं बिल

...आणि वर ती बँकेतली मुलगी मलाच विचारते, "सर, आपल्या पेटचं नाव काय?" पेटचं! अहो, लालबागच्या चाळीतली आमची खोली, रात्री एकाने कूस बदलायची तर बाकीच्यांना आधी कळवावं लागतं, तिथे पेट ठेवू कुठे, माळ्यावर? येतं एक मांजर, पण ते शेजारच्या शेवंतीबाईंचं, आमच्याकडे फक्त बांगडा असला की पाहुणचाराला... नाही नाही, थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, अर्धवट ऐकून लोक भलतंच पसरवतात. मी वसंत चिंदरकर. परळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो, सगळी हयात स्टोअरमध्ये गेली, पण एक नट इकडचा तिकडे झाला नाही, कोणालाही विचारा! तर अशा माणसाच्या क्रेडिट कार्डाच्या बिलात काय यावं? दुबई! नाव काही कळेना, म्हणून निलेशने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, मोबाइलवर शोधलं आणि मोबाइल उलटा ठेवला. म्हटलं, काय रे? तर म्हणे, "पप्पा, हे कुत्र्यांचं ब्यूटी पार्लर आहे." आंघोळ, शाम्पू, नखं कापणे आणि मसाज. पाठीचा वेगळा, पंज्यांचा वेगळा!

आता दुबई म्हणजे बघा, माझा पासपोर्टच नाही. मी जास्तीत जास्त लांब गेलोय तो मालवणला, आणि तिथून पुढे समुद्र लागला म्हणून परत आलो. आणि कार्ड तरी मी कुठे मागितलं होतं? निलेशचं ऑफिस वरळीला, काचेची बिल्डिंग, तिथे सगळ्यांकडे कार्डं, म्हणून माझ्याही गळ्यात मारलं. "घ्या पप्पा, पॉइंट मिळतात." पॉइंट घेऊन काय करू, कॅरम खेळू? आणि ते परदेशात चालायचं बटणही त्यानेच चालू करून ठेवलेलं, असू दे म्हणून! बरं, बिल चार-साडेचार हजारांचं, असू दे. पैशाचं सोडा हो, प्रश्न इज्जतीचा आहे!

तर मी फोन लावला. बँकेचं नाव घेत नाही, उगाच कशाला. पहिल्यांदा मशीन बोलते. हिंदीसाठी हे दाबा, मराठीसाठी ते दाबा. मी अभिमानाने मराठी दाबलं. मग संगीत. मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मग परत संगीत. अहो, एवढा महत्त्वाचा आहे तर उचला ना! आमच्या चाळीत बिनमहत्त्वाच्या माणसाने नुसती कडी वाजवली तरी चहा मिळतो. शेवटी एक मुलगी आली, नूपुर, गोड आवाज, गिरगावातली निघाली, म्हटलं चला, आपलीच आहे. सगळं सांगितलं. तिने कार्ड बंद केलं, नवीन पाठवते म्हणाली, इथपर्यंत उत्तम. आणि मग ते पेटचं नाव विचारलं. पेट नाही म्हटल्यावर आवाज आणखी गोड करून म्हणते कशी, "सर, रागावू नका हं, पण बऱ्याचदा काय होतं, घरातलंच कोणीतरी कार्ड वापरतं आणि सांगत नाही. मिसेसना एकदा विचारून बघाल का?"

मिसेसना!

आणि फोन होता स्पीकरवर. आणि मिसेस होत्या समोर, सुरमई साफ करत, हातात विळी! सुभद्राने विळीवरूनच मान वर केली आणि मालवणीत सुरू झाली, "काय म्हणता ती? मी कुत्र्याक मसाज दितंय? दुबयक? अरे, माझी कंबर धा वर्सां दुखता, माका कोण तेल लावूक नाय, आणि मी थंयसरल्या कुत्र्याचे पाय चेपतंलय?" आणि हे बोलताना बघत कोणाकडे होती? माझ्याकडे! म्हणजे बँकेने केला संशय आणि कमरेचं बिल फाटलं माझ्या नावावर. तिकडे नूपुरने घाबरून "आपली तक्रार नोंदवली आहे" म्हणून फोन ठेवला.

पण तुम्हाला सांगतो, मी बिलातली तारीख बघितली आणि हसलो. अक्षरशः हसलो! कारण तो दिवस कुठला? आमच्या मसाल्याचा! आता लालबागमध्ये राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण तुमच्यात कोणी त्या बाजारच्या तयार पुड्यांवाले असतील तर ऐका. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायचा. बेडगी, संकेश्वरी, थोडी काश्मिरी रंगाला, देठं खुडायची, गच्चीवर वाळवायची, मग धणे, दगडफूल, नागकेशर, सगळं भाजून डंकावर कुटायला न्यायचं. आणि तिथे काय असतं? नजर ठेवायची असते! आपली मिरची डंकात पडली की तिथून हलायचं नाही. फोन आला हलायचं नाही, शेजारी मेला हलायचं नाही, कारण जरा पाठ वळली की पुढच्या बाईची लवंगी आपल्या बेडगीत, आणि वर्षभर आमटीत तिच्या सासरची चव! म्हणून आम्ही चिंदरकर सगळे जातो. मी डंकासमोर, सुभद्रा चाळणीवर, निलेश रजा काढून पिशव्यांवर, आणि सूनबाई आकांक्षा, ती वरणभातातली दादरची, पण काय तयार झालीय! तोंडाला ओढणी बांधून डब्यांवर. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. त्या दिवशी आमच्या घरात माणूस स्वतःच्या डोळ्याला हात लावत नाही हो, तो कार्डाला काय लावणार! कार्ड होतं घरी, कपाटात, कुलपात. आणि साक्षीला अख्खी गल्ली! असा पुरावा एखाद्या वकिलाने दिला असता तर फी किती लावली असती?

मी हे सगळं लिहून पाठवलं. मिरच्यांच्या नावांसकट, आणि निकाल लागेपर्यंत बिल भरणार नाही हेही लिहिलं. आणि उत्तर काय यावं? "तपासणीअंती सदर व्यवहार वैध आढळला आहे. तो कार्डधारकाच्या कुटुंबीयांपैकी कोणी केला असण्याची शक्यता आहे." कुटुंबीयांपैकी! म्हणजे कोण? सुभद्रा, जी रिक्षावाल्याने सुटे जास्त दिले तर मागे धावून परत करते? निलेश? की आकांक्षा, जिने ते वाचलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी नाही हो काही केलेलं"... पाणी होतं हो पोरीच्या डोळ्यात. नवीन सून. कोणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, तरी तिला वाटलं आपल्यावर येणार. तिथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता मला पैसे नकोत. मला बँकेकडून एक वाक्य पाहिजे, लेखी, की चिंदरकरांच्या घरातल्या कोणीही हे केलेलं नाही आणि आम्ही बोललो ते चुकलो. एक वाक्य! पैशाचं सोडा हो, प्रश्न इज्जतीचा आहे!

गेलो दादरच्या शाखेत. आणि एकटा नाही गेलो, पुरावा घेऊन गेलो. बरणीभर मसाला! आता तुम्ही हसाल, पण मला सांगा, स्टोअरकीपर माणूस, माल दाखवल्याशिवाय बोलेल कसा? तिथे एक अनिश म्हणून साहेब, माझ्या निलेशपेक्षा लहान, टाय, समोर पाण्याची बाटली. म्हणाला, "काका, बसा. काय आहे हे?" म्हटलं, हा पुरावा. त्या दिवशीचा आहे, वास घ्या, ताजेपणावरून तारीख कळेल. मी आपलं हळूच झाकण काढलं... आणि वर एसी होता. मला काय माहीत तो नेमका तिथेच हवा सोडतो! पहिला अनिश शिंकला. मग त्याच्या मागची बाई. मग कॅशिअर, नोटा मोजता मोजता शिंकला आणि आकडा विसरला, परत पहिल्यापासून. मग रांग. रांगेतला एकेक माणूस ओळीने, टोकनप्रमाणे! वॉचमन धावत आला, दारातच शिंकला, पण तो निघाला देवगडचा. नाक पुसत म्हणतो, "काका, तिरफळ घातलात नाय?" बघा! ह्याला म्हणतात तपासणी! मॅनेजरबाई केबिनमधून रुमाल धरून बाहेर आल्या, मला वाटलं आता हाकलतात, तर म्हणे, "कुठल्या डंकावर केलात हो? किलोला धणे किती?" शाखेत त्या दिवशी काम शून्य झालं, पण चिंदरकरांच्या मसाल्याचं नाव झालं. छाती अशी फुगली माझी! बरणी तिथेच ठेवून आलो, म्हटलं पुरावा आहे, फाइलला लावा.

आणि त्यांनी काय केलं माहितीये? फाइलला लावलं! माझ्या तक्रारीवर शेरा मारला: "ग्राहकाने अधिकाऱ्यास खाद्यपदार्थ देऊन प्रभावित करण्याचा प्रयत्न केला." लाच! आधी कुत्र्याला मसाज, आता साहेबाला लाच! आणि बरणी? बरणी परत आली नाही. प्रभावित झाले वाटतं.

मी सोडतो काय? रोज फोन. संगीत पाठ झालं माझं, सुभद्रा भाकऱ्या थापताना त्या तालावर थापायला लागली. आणि एक दिवस निलेश ओरडत आला, "पप्पा, आले! पैसे आले परत! विषय संपला!" बघितलं तर कार्डाच्या खात्यात खरंच जमा. आणि खाली काय लिहिलेलं? "ग्राहकाशी असलेले संबंध लक्षात घेऊन, बँकेची कोणतीही चूक नसताना, केवळ सदिच्छा म्हणून."

सदिच्छा! मी मागितली होती सदिच्छा? म्हणजे तुम्हीच केलंय, पण जाऊ दे, गरीब आहात, घ्या, असंच ना? अहो, माझे वडील, भिवा चिंदरकर, गिरणीत होते. एकदा जॉबरने, म्हणजे मुकादमाने, त्यांच्यावर सुताची बॉबिन चोरल्याचा आळ घेतला. दुसऱ्या दिवशी बॉबिन मशीनखाली सापडली. साहेबाने खिशातून बक्षीस काढलं, म्हणाला, "जाने दो, रख लो." बाबांनी हात मागे बांधले. म्हणाले, आधी खात्यातल्या सगळ्या कामगारांसमोर बोला की भिवा चोर नाही. साहेब नाही बोलला, बाबांनी बक्षीस नाही घेतलं. घरी आल्यावर आईने विचारलं, "मगे मिळाला काय?" बाबा म्हणाले, "काय नाय, पण घेतला पण नाय." आई जन्मभर त्या बक्षिसावरून बोलली, पण बोलताना आवाजात ताठा होता हो तिच्या! मी त्यांचा मुलगा. आणि मी घेऊ सदिच्छा?

लावला फोन. योगायोगाने नूपुरच. म्हटलं, मला तक्रार करायचीय, माझ्या खात्यात पैसे आलेत. म्हणते, "सर, पैसे आलेत... याची तक्रार?" हो! "पण सर, तसा पर्यायच नाही. पैसे दोनदा कापले, वस्तू मिळाली नाही, व्यवहार ओळखत नाही, एवढेच आहेत." म्हटलं, तिसरा लाव. ही सदिच्छा मी ओळखत नाही. निलेश कपाळाला हात लावून बसला, "पप्पा, प्लीज, अहो लोक पैसे मिळावेत म्हणून वर्षं घालवतात!" सुभद्राने मात्र विळी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्या पुढ्यात चहा ठेवला. न मागता! तुम्हाला सांगतो, असा चहा मला रिटायर झालो त्या दिवशीही मिळाला नव्हता.

आणि कमाल बघा. पैसे गेल्याची तक्रार, तिला किती हेलपाटे. पैसे आल्याची तक्रार, लगेच निकाल! बँकेच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी: "श्री. चिंदरकर, आपली तक्रार पूर्णपणे ग्राह्य धरण्यात आली आहे. आमच्याकडून चूक झाली. आपणांस व आपल्या कुटुंबीयांस झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत." वाचलंत? आमच्याकडून चूक झाली! कुटुंबीयांस! मी गॅलरीत उभा राहून मोठ्याने वाचलं. आकांक्षाला दोनदा वाचून दाखवलं, पोरगी हसली, पहिल्यांदा मोकळी हसली. शेवंतीबाईंनी साखर वाटली. जिंकलो की हो! एवढ्या मोठ्या बँकेला चिंदरकरांनी माफी मागायला लावली, बाबांना जे गिरणीत मिळालं नाही ते मला मिळालं! पैशाचं सोडा हो...

आता खाली आणखी एक ओळ आहे, ती मी गॅलरीत वाचली नाही. "सबब, चुकून जमा केलेली रक्कम परत घेण्यात येत असून, मूळ व्यवहाराचे बिल विलंब आकारासह भरावे."

भरलं. मुकाट्याने जाऊन भरलं. तिकडे दुबईत कुणाचं तरी कुत्रं गुळगुळीत होऊन, नखं कापून, मसाज घेऊन हिंडत असेल... हिंडू दे बिचारं. पण त्याला कोणीतरी सांगा हो, तू बँकेच्या सदिच्छेवर न्हायलेला नाहीस, चिंदरकरांच्या पेन्शनीवर न्हायलायस. चारचौघांत शेपटी वर ठेवून चाल!