बेटर म्हणजे कशापेक्षा?

अहो, बेटर म्हणजे कशापेक्षा, एवढंच विचारलं मी डॉक्टरला, काय चुकलं माझं? आई आयसीयूत, आज तिसरा दिवस, शहरात प्यायला पाणी नाय आन् हिच्या फुप्फुसात पाणी झालेलं, आन् हा माणूस रोज सकाळी काचेच्या दारातून येतो, चालता चालता म्हणतो, "पेशंट बेटर आहे," आन् लिफ्टमधी गडप!

बायकोला विचारलं. करुणा शाळेत इंग्रजी शिकवती, तिनं तिथंच बाकड्यावर तास सुरू केला... दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायच्या, त्यातली जी कमी वाईट ती बेटर, बेटर म्हणजे चांगलं असं काय नाय. घ्या! मग दुसरी गोष्ट कोणती? काल? का शेजारच्या खाटंवरचा, ज्याच्यावर सकाळी चादर ओढली? बेटर म्हणजे कशापेक्षा?

तुम्हाला सांगतो, ह्या शब्दानं आधीच पोळलोय आम्ही. आमची कॉलनी पार टोकाला, शहर वाढलं पण पाइप नाय वाढला. नळ दहाव्या दिवशी. हंडामोर्चा नेला, मग आठव्या दिवशी. पालिकेचे साहेब म्हणले, आता सिच्युएशन बेटर आहे. तसलंच बेटर आईचं असलं तर?

त्यात गंगापूरहून मामाचा फोन, अप्पाराव, आईचा धाकटा भाऊ. डॉक्टर काय म्हणतो? म्हणलं, बेटर. मग मामा हळूच म्हणला, "संघपाल, आपल्या नात्यातल्या पुंडलिकालाबी मरायच्या आदल्या दिवशी बेटरच म्हणले होते."

दोन तासांत जीप भरून अकरा माणसं! आन् प्रत्येकाच्या हातात पाण्याचा कॅन. म्हणलं, मामा, दवाखान्यात पाणी हाय की. मामा कॅन भिंतीकडं सरकवायला लागला... आन् माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं दुष्काळात कुणाच्या मातीला, म्हंजी अंत्यविधीला, जायचं तर पाणी संगं न्यायचं, माघारी आल्यावर आंघोळीचा भार त्या घरावर नको म्हणून. आई काचंमागं श्वास घेतीय आन् हे तिच्या मातीहून आल्यावरच्या आंघोळीची तयारी करून आलेत! चिडायचं का रडायचं? रडलो.

चौथ्या दिवशी आईला वार्डात आणलं. डोळे उघडले तर खाटंभवती सगळं माहेर आन् भिंतीला रांगेनं कॅन. मी मधी पडलो, आई, प्यायचं पाणी हाय ते. म्हातारीनं असले दुष्काळ कैक पाहिलेले, तिला का कळत नाय?

"प्यायला अकरा कॅन?"

मामाला ठसका लागला. आई उशीला टेकून बसली आन् शांतपणं म्हणली, "माघारी नेऊ नका. नळाला अजून सहा दिवस हायत. मी गेले असते तर तुम्ही एका दिवसात संपवलं असतं."

आता बोला. मातीच्या पाण्यात आमची सहा दिवस डाळ शिजली... आन् म्हातारी खाटंवरून विचारती, पाणी पुरवून वापरताय ना?