चाळीस मॉड्यूल आणि एक सही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे नेटवर्क विभागप्रमुख साहेब, आणि चहाची वाट पाहणाऱ्या बंधुभगिनींनो,

साहेबांबद्दल चांगलं बोला, असं मला तीनदा बजावलंय. प्रयत्न करतो. साहेबांचं टेबल कायम स्वच्छ असायचं. असो.

आपल्या हॉस्पिटलच्या दोन इमारतींमधली माहिती काचेच्या तारेतून प्रकाश होऊन धावते. तारेच्या टोकाला बोटाएवढं मॉड्यूल असतं, ते स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या पेटीत, खोचायचं. मॉड्यूल कुणाचंही असो, प्रकाश तोच. पण स्विच आधी त्याच्या पोटातलं कंपनीचं नाव वाचतो, आणि परकं दिसलं की तोंड फिरवतो. सतत भिंग घेऊन बसते म्हणून जिला आपण 'दुर्बीण' म्हणतो, ती आमची सहकारी मॉड्यूल एका छोट्या डबीवजा यंत्रात खोचून ते नाव बदलून द्यायची. साहेबांच्याच तोंडी परवानगीने, बरं का.

मग एक विक्रेता चकचकीत माहितीपत्रक घेऊन आला आणि साहेबांना साक्षात्कार झाला, की ही तर बनवाबनवी! दुर्बीण निलंबित. चाळीस मॉड्यूल एका सकाळी उपटली, त्या जागी एकाच कंपनीची अस्सल बसवली. अहो, पण समोरच्या इमारतीतला स्विच दुसऱ्याच कंपनीचा! त्याने अस्सल मालालाही हुंगलं नाही, आणि दोन इमारतींमधला संपर्कच तुटला. हे आधी बघायचं कुणी? मी?

रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर, आणि त्याचे एक्स-रे आमचे लोक हातात घेऊन जिने चढतायत. तेव्हा साहेबांनी फोन कुणाला केला? "बेटा, जरा येतेस का?" ती आली. दुपारपर्यंत चाळीसच्या चाळीस मॉड्यूल तपासून, जिथे हवं तिथे योग्य नाव लिहून गेली. अहवालात मात्र 'विभागप्रमुखांचं कुशल मार्गदर्शन'. ते मार्गदर्शन मी डोळ्यांनी पाहिलंय. साहेब तिच्यामागे उभे राहून "झालं का?" विचारत होते. मला किळस आली, आजही येते.

दुर्बीण अजून निलंबितच आहे. ती आज इथे नाही, कारण तिला गेटमधून आत सोडत नाहीत. निलंबन मागे घ्यायचा अधिकार फक्त साहेबांना, तोही पाच वाजेपर्यंत. नंतर नवे साहेब, नवी चौकशी, आणि तिचं वर्ष वाया.

आयोजकांचे आणि आपल्या सहनशीलतेचे आभार. बोलताना तोल गेला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. कागद मी आणलाय, साहेब. चार चाळीस झालेत. सही करा, मग टाळ्या वाजवू.