ताईचा मैदा

दगडाला चमक आणायच्या पावडरीला माणूस मैदा का म्हणतो? नाही, तुम्हीच सांगा! दाजींना विचारलं, शेजारच्या शुभदाकाकूंना विचारलं, मानेसरला कंपनीत लाइनवरच्या पोरांनाही विचारलं... कुणी सांगितलं? कुणी नाही! जिनं हे नाव ठेवलं ती सांगू शकली असती, पण ती चाळीस दिवसांपूर्वी ऑफिससमोरचा रस्ता ओलांडताना गेली. माझी ताई, मृणाल. आता विचारा कुणाला विचारायचं ते!

तुम्हाला सांगतो, ताईला दगडांचं वेड. इथे गुरुग्रामला, तेराव्या मजल्याच्या बाल्कनीत मोटरवर फिरणारा एक रबरी ड्रम. त्यात दगड, पाणी, रेती घालायची, झाकण दाबायचं, आठवडाभर फिरवायचं. मग धुवायचं, त्याहून बारीक रेती घालायची, पुन्हा आठवडा. आणि त्या रेत्यांना नावं काय? जाड रवा, बारीक रवा, कणीक, मैदा! अगं, दगड घासतेस की लाडू वळतेस? आणि मी नुसता ड्रमजवळ गेलो की ओरडायची, "राघव, हात धुतलेस का?" का, तर जाड रेतीचा एक कण जरी पुढच्या पायरीत गेला तरी सगळ्या दगडांवर ओरखडे!

ती गेली तेव्हा ड्रम फिरत होता. घर्र... घर्र... लोक भेटायला येतायत, रडतायत, आणि हा आपला घर्र घर्र! मी उठलो बटण बंद करायला, तर दाजी म्हणाले, "राहू दे रे. फिरू दे." तेराव्यापर्यंत फिरला.

आत नुसते ड्रम भरायला टाकलेले बरेच दगड होते, पण कामाचे पाच. आईचे सागरगोटे! आईचे जुने हरवले होते, ताई तिला म्हणाली होती, नवे मी पाठवते, आरशासारखे. दाजी महिनाअखेरीला मिरजेला आईकडे जाणार होते. म्हटलं, तोवर आपण पुरे करू. मी नववी नापास, पण ड्रम फिरवायला काय मॅट्रिक लागतं?

ताईची वही काढली. शेवटची नोंद कणकेची, खाली लिहिलेलं, "कणकेनंतर मैदा, सात दिवस." रेतीच्या डब्यांत मैदा दिसेना, म्हणून स्वयंपाकघरात गेलो, डब्यावर लिहिलं होतं, मैदा. घातला! चार चमचे, वर पाणी, झाकण घट्ट!

हसू नका.

दिल्लीकडचा जून, बाल्कनीत चव्वेचाळीस डिग्री. सहाव्या दिवशी मी चहा पितोय आणि फाट्! झाकण गेलं छताला! आणि त्यामागून जे आलं ना... शी! करडी, आंबलेली, फसफसणारी खळ! भिंतीवर, पंख्यावर, माझ्या कपात! मेलेल्या उंदरानं ताक प्यावं तसा वास! खालून बारा नंबरवाल्या आंटी, "ओ भैया, ये ऊपर से क्या टपक रहा है? मेरी चादर!" शुभदाकाकू नाकाला पदर लावून आल्या. बघितलं, आणि पहिलं वाक्य काय? "राघव, हात धुतले होतेस का?" अहो काकू, हात? इथे मैदा फुटलाय!

खरी पावडर शेवटी चपलांच्या कपाटात सापडली. पांढरी पुडी, वर ताईचं अक्षर, "मैदा. राघव, खायचा नाही!!" दोन उद्गारचिन्हं. मी तिथेच चपलांत बसलो.

मग सगळं घासलं. खरा मैदा घातला. सात दिवस. उघडलं... ओरखडे! पाचही दगडांवर! मांजरानं नखं मारल्यासारखे! दाजी काय म्हणाले? "तू हात धुतले होतेस ना?" ताईच्या ऑफिसातला अनुराग, त्यालाही हाच छंद, त्याला फोन लावला. "यार राघव, हाथ धोए थे?" अरे, सगळ्यांना एकाच शाळेत घातलं होतं का?

पण माणूस चांगला. म्हणाला, जाड कण कुठेतरी लपलाय, ढूँढो. दगड धुवायचा ब्रश बदलला? नाही, सगळ्या पायऱ्यांना एकच. फेकला. झाकणाची खाच? तिथे मैद्याची खळ वाळून चिकटलेली, त्यात रेती. दात कोरायच्या काड्यांनी दोन तास कोरली, दोनदा ओकारी आली. "और अब पत्थर देखो. किसी में दरार तो नहीं?"

पंख्याखाली वाळवले. चार कोरडे ठणठणीत. पाचवा, काळा, त्याच्या एका रेघेतून ओल येतेय. सुई घातली... करडी रेती! जाड रवा! पहिल्या दिवसापासून भेगेत बसलेला, दर आठवड्याला थोडा थोडा बाहेर येत होता!

हा दगड कुणाचा? ताईचा. मिरजेच्या कृष्णाघाटावरून तिनं स्वतः उचललेला. वहीच्या पहिल्या पानावर तिनंच लिहिलंय, "भेगेचा दगड घ्यायचा नाही." चष्मा लावून निवडायची, दिसली नसेल भेग? दिसलीच असणार! तरी घातला, घरचा म्हणून! ताई, मी पंधरा दिवस साबणानं हात सोलून घेतले, आणि घाण तू केलीस! बाल्कनीत उभा राहून ओरडलो. खालच्या आंटींनी चादर आत घेतली.

अनुराग म्हणाला, काळा फेक, चार मस्त होतील. पण चारांनी सागरगोटे खेळतात का? चार पुन्हा ड्रममध्ये, नव्या ब्रशनं, नव्या पावडरीनं, आरशासारखे झाले. काळा मी हातानं घासला, जुन्या जीन्सच्या तुकड्यावर मैदा लावून, कंपनीच्या बसमध्ये जाता येता, आठ दिवस. अंगठ्याची कातडी गेली. दगड? थोडा कमी खरखरीत झाला, इतकंच!

दाजी घेऊन गेले. काल आईचा फोन. "मृणालचे गोटे मिळाले रे. चार कसे लोण्यासारखे. पण हा काळा बोटाला लागतो. तिच्या हातून असं कसं झालं?"

आता काय सांगू? वही वाचून दाखवू?

म्हटलं, "आई, तो तिचा नाही. तो मी बिघडवला."

"वाटलंच मला," आई म्हणाली.