हौसाक्का सुईण आणि नाळेतलं रक्त

मंडळी, ऐका. आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय, आणि तो सुटल्याशिवाय तुम्हाला प्रसाद मिळणार नाही! बाई बाळंत होते. बाळ बाहेर येतं, मागून वार पडते. सुईण नाळ कापते. आता सांगा – ती नाळ, ती वार – कुणाची? आईची? बाळाची? का तिसऱ्याच कुणाची?

मागून एक काका म्हणतात, देवाची. काका, तुम्ही फार हुशार. देवाचं नाव घेतलं की आपल्याला डोकं चालवायला नको, हो ना? बसा खाली!

आणि तो खांबाजवळचा, शेजाऱ्याच्या कानात काय कुजबुजला ते मी ऐकलंय. 'देवळात कशाला वारेच्या गोष्टी?' अरे शहाण्या, नऊ महिने त्याच वारेतून जेवलास तू! तेव्हा लाज वाटली नाही, आता वाटतीय? मोबाईल ठेव खिशात आणि ऐक. मृदंगवाले, तुम्ही पण जरा हात थांबवा. गोष्ट सांगतो.

कृष्णाकाठी बेंदवाडी म्हणून एक गाव. तिथं हौसाक्का नावाची सुईण. चाळीस वर्षं तिनं बायका बाळंत केल्या. गावात तिच्या हातावर न जन्मलेला माणूस शोधावा लागायचा. सरपंच तिला दचकून असायचा – का? तर हिनं आपल्याला नागडं पाहिलंय!

हौसाक्काची एक रीत होती. बाळ झालं की लगेच नाळ कापायची नाही. वार पडेपर्यंत थांबायचं. मग नाळ दोन बोटांत धरायची आणि तिच्यातलं रक्त बाळाच्या बेंबीकडं हळूहळू सारायचं. एकदा, दोनदा, तीनदा. "त्याचं हाय, त्याला दिऊन टाकू," असं म्हणायची. मग दोरा बांधून नाळ कापायची. आणि वार? ती नव्या गाडग्यात घालायची, वर मीठ, हळद-कुंकू, आणि घरामागच्या परड्यात कमरेइतका खड्डा काढून पुरायची. वर मोठा दगड. कुत्र्यानं उकरली तर बाळाच्या जिवावर येतं, असा तिचा ठाम विश्वास. पुढं बायका दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या, तरी ही तिथल्या नर्सबाईच्या हातापाया पडून वार मागून आणायची.

हौसाक्काला एकच मुलगा, जालिंदर. त्याला बायको कुठली करायची? आपल्या सख्ख्या भावाची लेक, सुवर्णा! आमच्या भागात भावाची लेक सून करून आणली की बाईची मान ताठ होते, माहेर आणि सासर एका उंबऱ्यात येतं. इथं किती जणांच्या घरी अशी सोयरीक आहे? बघा, निम्मा मांडव हात वर करतोय. लाजू नका, माझी आईसुद्धा माझ्या बाबांच्या मामाचीच लेक.

सुवर्णाला पहिली मुलगी झाली, ईश्वरी. सात-आठ महिन्यांची झाली आणि पोर पांढरी पडायला लागली. दूध पिईना, बसेना, पोट फुगलेलं. शहरातल्या दवाखान्यात नेली. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, थॅलेसेमिया आहे. म्हणजे काय? तर हिच्या अंगात चांगलं रक्त तयारच होत नाही. दर एकवीस दिवसांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचं. किती दिवस? जन्मभर.

तुमच्या पोराला वर्षात एकदा इंजेक्शन असतं, तर तुम्ही तीन माणसं धरायला नेता. ही पोर सहा वर्षांची होईपर्यंत स्वतःहून हात पुढं करायला शिकली. नर्सला सांगायची, ह्या हाताची शीर सापडत नाही, त्या हातावर बघा. सहा वर्षांची पोर, मंडळी!

हौसाक्कानं ह्या दुखण्याचं कारण पहिल्याच दिवशी शोधून काढलं होतं. ईश्वरी तालुक्याच्या दवाखान्यात जन्मली. त्या दिवशी फार गर्दी होती, कुणी वार दिली नाही, ती कचऱ्यात गेली. झालं! पोरीची वार उकिरड्यात गेली, म्हणून पोरीच्या अंगात रक्त ठरत नाही. सहा वर्षं हे तिच्या मनात रुतून बसलं होतं. बोलायची नाही कुणाशी, पण ईश्वरीला रक्त चढवून आणलं की रात्री तिचे पाय चेपत बसायची आणि रडायची.

मग सुवर्णाला पुन्हा दिवस गेले. ह्यावेळी ती डॉक्टर बागवानबाईंकडं गेली. बाई बारकाईनं बघणाऱ्या. तिसऱ्या महिन्यात त्यांनी पोटातल्या वारेचा तीळभर कण काढून तपासायला पाठवला. निकाल आला – ह्या बाळाला हे दुखणं नाही. घरात पेढे वाटले. आणि मग बागवानबाईंनी जालिंदरला आणि सुवर्णाला समोर बसवून सांगितलं. बाळाच्या नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं ना, त्यात नव्या रक्ताचं बी असतं. आपण ते फेकून देतो. ते जन्मल्याबरोबर पिशवीत घेतलं, बँकेत गोठवून ठेवलं आणि ईश्वरीशी जुळलं, तर तिच्या अंगात पेरता येतं. धरलं, तर तिचं शरीर स्वतः रक्त करायला लागेल. मात्र भावंडाचं जुळणं चारात एकदा. आणि रक्त घ्यायला वेळ मिळतो तो फक्त काही मिनिटं.

जालिंदर उडतच घरी आला. आईला सगळं सांगितलं. हौसाक्कानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "वार दवाखान्यात ऱ्हायाची न्हाई. बाळंतपण घरी हुईल. माझ्या हातानं."

आता बघा पेच! घरी बाळंतपण म्हणजे ही बाई नाळेतलं रक्त तीनदा सारून बाळाला देणार. पिशवीत काय येणार? काही नाही. ईश्वरीची चारातली एक संधी घरच्या घरीच संपणार. जालिंदर चिडला, ओरडला, बाहेर जाऊन झोपला. मायलेकरं तीन आठवडे एकमेकांशी बोलली नाहीत. भाकरी वाढायची, तीसुद्धा सुवर्णानं इकडून तिकडं न्यायची.

मध्येच एक एजंट आला! गावात बातमी फुटलेली. चकचकीत पुस्तक घेऊन आला आणि सांगायला लागला, वार ठेवा, नाळ ठेवा, पुढं गुडघे दुखले, केस गळले, सगळ्याला उपयोगी. हौसाक्कानं त्याला पाणी दिलं आणि विचारलं, बाबा, तू कधी वार बघितलीयस का? पोरगा पुस्तक मिटून चालता झाला. बागवानबाईंना हे कळलं तेव्हा त्याही हसल्या. म्हणाल्या, ज्यांच्या घरी असं आजारी भावंड आहे त्यांनी जपून ठेवावं. बाकीच्यांनी आपल्या डॉक्टरला विचारावं, जमलं तर सगळ्यांसाठीच्या बँकेत दान द्यावं. घाबरून कुठंही सही करू नये. हे मी पण सांगतोय, लक्षात ठेवा. नाहीतर उद्या म्हणाल महाराजांनी सांगितलं म्हणून सही केली!

सातव्या महिन्यात एक दिवस हौसाक्का कुणाला न सांगता एसटीत बसली आणि थेट बागवानबाईंसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "डाक्टरीणबाई, थोरलीची वार तुमच्या लोकांनी उकिरड्यात टाकली. आता ह्या पोटातल्याची बी तुमी घेनार. मी माझी दोन नातवंडं घालवू का?"

बाई हसल्या नाहीत. खुर्ची पुढं सरकवली, चहा मागवला. म्हणाल्या, अक्का, वार नंतर तयार होते, हे दुखणं त्याच्या आधीचं आहे. अर्धं बापाकडून येतं, अर्धं आईकडून. अर्धं ज्याच्या अंगात असतं त्याला काही कळतही नाही, तो ठणठणीत असतो. दोघांचं अर्धं-अर्धं एका लेकराच्या वाट्याला आलं की दुखणं होतं. हौसाक्कानं विचारलं, मग जालिंदरला कुठनं आलं? बाई म्हणाल्या, तपासून बघू. तिचं रक्त घेतलं. तिच्या भावाला बोलावून त्याचंही घेतलं.

निकाल आला. हौसाक्काच्या अंगात ते अर्धं होतं. आणि तिच्या भावाच्याही.

कळतंय का मंडळी? एका माहेरचं रक्त. तिच्याकडून लेकाला आलं, भावाकडून त्याच्या लेकीला आलं. आणि त्या दोघांची गाठ कुणी बांधली? हौसाक्कानं. हौसेनं, वाजतगाजत. सहा वर्षं ती मनातल्या मनात दवाखान्याला शिव्या देत होती, आणि कारण तिच्या स्वतःच्या मांडवात बसलेलं होतं.

घरी आली आणि परड्यात जाऊन बसली. जेवायला उठेना. जालिंदर मागं जाऊन उभा राहिला. म्हणायची, मीच केलं, माझ्या हातानं केलं. तेव्हा सुवर्णा, सात महिन्यांचं पोट सांभाळत, तिच्याशेजारी जमिनीवर बसली. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, आणि ही तर सख्खी आत्या. सुवर्णा म्हणाली, "आत्या, तुम्ही मला ह्या घरात आणलंत म्हणून ईश्वरी झाली. मला ती पायजेच हाय. दुखण्यासकट पायजे. आता ते दुखणं तेवढं काढायचं बघू या का?"

हौसाक्का तिच्या गळ्यात पडून रडली. सुनेच्या गळ्यात सासू! काय बायांनो, बघितलंय का कुठं? हसताय काय, प्रयत्न करून बघा एकदा.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून बागवानबाईंकडं गेल्या. हौसाक्कानं दोनच गोष्टी विचारल्या. बाळाच्या वाट्याचं कमी पडणार नाही ना? बाई म्हणाल्या, बाळ आधी. त्याला गरज असेल तर पिशवी बाजूला ठेवीन, हा माझा शब्द. दुसरं, वार मला मिळेल का? बाई म्हणाल्या, रक्त ईश्वरीचं, वार तुमची. रीतसर अर्ज करा, मी सही करते.

दिवस भरले. सकाळी अकराचा सुमार. बागवानबाईंनी हौसाक्काला हिरवा झगा चढवून आत घेतलं. बाळ आलं. मुलगी! मंडळी, मी पुष्कळ घरं बघितलीत, पण मुलगा का मुलगी हे कुणीही न विचारलेलं हे एकच घर. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच, जुळेल का?

पण बाळ रडेना.

हौसाक्काचा हात पुढं गेला. चाळीस वर्षांची सवय हो! तिला ठाऊक होतं, नाळ धरायची, रक्त बाळाकडं सारायचं. आणि तिला हेही ठाऊक होतं की तेच रक्त दाराबाहेर बाकड्यावर बसलेल्या ईश्वरीला पाहिजे. एक नात समोर, दुसरी दाराबाहेर, आणि तो हात मध्येच थांबला. बागवानबाई पिशवीकडं बघतच नव्हत्या. बाळाला पुसत होत्या, पाठ चोळत होत्या, नाळ चालू ठेवून. मिनिटभर गेलं असेल. मग पोरीनं असा टाहो फोडला की बाहेर जालिंदर उडी मारून उठला!

तेव्हा कुठं बाईंनी नाळेला चिमटा लावून ती कापली. आईकडच्या टोकात सुई घातली, आणि पिशवी हौसाक्काच्या हातात दिली. म्हणाल्या, अक्का, खाली धरा आणि हळू हलवत राहा, गुठळी होऊ देऊ नका. तिनं ती पिशवी पाळणा हलवावा तशी हलवली. ज्या हातानं जन्मभर रक्त बाळाकडं सारलं, त्याच हातानं तिनं ते थेंब-थेंब थोरलीसाठी धरलं. बाईंनी पुरे म्हटलं तरी सोडवेना. आणि वार? ती रीतसर अर्जावर घरी आली आणि परड्यात दगडाखाली गेली.

पुढं चार आठवडे कळ काढली. मग फोन आला. जुळलं! जालिंदर रस्त्यातच खाली बसला. पण नुसतं पिशवीतलं रक्त पुरणार नव्हतं. धाकटी सव्वा वर्षाची झाल्यावर तिच्या हाडातला थोडा मगज घेतला, दोन्ही मिळून ईश्वरीला दिलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धरेलच असं नाही, जिवाला धोकाही आहे. दीड महिना पोर काचेच्या खोलीत. केस गेले, तोंड आलं, ताप चढला, उतरला. हौसाक्का काचेबाहेर बसून राहिली. देवाला नवस बोलली नाही. म्हणाली, देवानं द्यायचं ते दिलंय, आता पोरीच्या अंगानं घ्यावं.

आणि घेतलं हो, अंगानं घेतलं!

घरी आल्यावर काही महिन्यांनी एक सकाळ अशी आली. ईश्वरी वेणी घालून, आपली दवाखान्याची पिशवी काखेला मारून दारात उभी. आजीला म्हणते, चल की, एकवीस दिवस झाले, एसटी जाईल. तिचं मोजणं कधी चुकायचं नाही. हौसाक्कानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढली. म्हणाली, "आज न्हाई जायाचं, बाय." ईश्वरीनं विचारलं, मग कधी? सुवर्णानं आतून सांगितलं, आता रक्तासाठी नाही जायचं. पोरीला मोकळ्या दिवसाचं काय करायचं ते माहीतच नव्हतं. मग पळत खेळायला गेली.

तर मंडळी, वार कुणाची? आईची होती, बाळाची होती, आणि ईश्वरीचीही होती. ज्याचा जीव तिच्यावर अडला, त्याचीही ती असते. आपण जे सोडून देतो, जे पुरतो, जे आपलं म्हणून मुठीत धरतो, त्यावर कुणाचा तरी श्वास अडलेला असतो, आणि आपण विचारतसुद्धा नाही.

आणि दुसरं. मघाशी निम्म्या मांडवानं हात वर केले होते. सोयरीक करताना तुम्ही पत्रिका बघता, शेत बघता, पोरीचा रंग बघता. रक्त किती जणांनी बघितलं? करा हात वर. एकही नाही! मीही बघितलं नव्हतं. माझ्या थोरल्या लेकीचं लग्न ठरतंय, माझ्या मेव्हण्याच्याच पोराशी. मोठ्या तोंडानं तुम्हाला सांगतोय आणि माझ्याच घरात गाठ बांधायला निघालो होतो. मुलगा चांगला आहे, मोडायचं काही कारण नाही. पण दोघांना आधी तपासणार, मग मुहूर्त धरणार. बायकोला अजून सांगितलेलं नाही, ती समोर बसलीय, आत्ताच ऐकतीय. घरी गेल्यावर माझं काय व्हायचं ते होईल!

उद्या सकाळी नऊला शाळेत रक्त तपासायला लोक येणार आहेत. लग्नाची पोरं, पोटुशी लेकी-सुना, सगळ्यांनी यायचं. पहिला नंबर माझ्या लेकीचा आणि होणाऱ्या जावयाचा. चला, टाळ उचला, नाम घेऊ. पण टाळ वाजायच्या आधी एवढं सांगा – दुसरा नंबर कुणाचा?