विश्वकोशामागचा पिवळा

नाही नाही ताई, मुलीसाठी नाही, सुनेसाठी तर नाहीच — बायकोसाठी. वय सदुसष्ट. हसा, तुम्ही हसणार या भीतीनंच दुकानासमोरून तीन फेऱ्या मारल्या — पण दोन तुकड्यांचाच हवा. ते नाव घ्यायला माझी जीभ रेटत नाही. तिनं पोहायला नाव घातलंय, उद्या पहिला दिवस — हा कमरेवर चढलेला, बेंबी झाकणारा, याचा इतिहास ठाऊक आहे? कशाला असेल, तुम्हाला विकायचा असतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका रोमन फरशीवर मुली काढल्यात, अंगावर दोन पट्ट्या, हातात चेंडू, आणि कुणाला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही. मग कितीतरी पिढ्या बायका घोट्यापर्यंत लोकर घालून पाण्यात उतरल्या, बुडाल्या नाहीत हेच नवल. पुढे दोन तुकडे आले, पण असे — पोट चार बोटं दिसलं तर चालेल, बेंबी दिसली की संस्कृती बुडाली. महायुद्धानंतर पॅरिसच्या एका इंजिनिअरनं — इंजिनिअर बरं का, शिंपी नव्हे — एवढासा केला की काडेपेटीत मावावा. अंगात घालायला एक मॉडेल तयार होईना, आणि लोक बेंबीच्या देठापासून ओरडले — हे असं होतं माझं. व्याख्यान सुरू होतं. तेव्हाही झालं होतं.

तेव्हा म्हणजे — हा बघा, नमुन्याला आणलाय, पिवळा. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात समुद्रावर गेलो होतो, तिनं हौसेनं घेतलेला. घालून बाहेर आली आणि मी म्हटलं, लोक काय म्हणतील? एवढंच. नाही, एवढंच नाही — अर्धा तास बोललो, वस्त्र आणि समाज वगैरे. ती आत जाऊन कपडे बदलून आली आणि दिवसभर वाळूत बसून माझी टिपणं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर शिंपले ठेवत राहिली. परवा विश्वकोशाच्या मागे सापडला, किमतीची चिठ्ठी तशीच — अहो, जपून — गेलं इलास्टिक? पण घातलाच नाही हो कधी. न घालताही जातं?

बरं. लोकांचं नाव मी उगाच पुढे केलं. मला पोहता येत नाही, पाणी गुडघ्याला लागलं की जिवाचं पाणी होतं. ती लांब गेली असती तर मी काठावर उभा राहून काय करणार होतो? आता नवा द्यावा, आणि तिनं म्हणावं, या, काठावर तरी बसा — तेवढं पुरे. माप? मापाचीच तर पंचाईत आहे, त्रेचाळीस वर्षं झाली, रोमन मुलींचं एक वेळ सांगेन. बारीक अंगाची, पांढरे केस कानाशी कापलेले, बोलताना चष्मा कपाळावर सरकवते, तो शोधत बसते — अशा काय बघताय?

काल आली होती? इथे? — कोणता घेतला? — हा? बेंबीच्या खालचा?

माझ्याबद्दल काही — नाही, सांगा, मला राग येत नाही — "घरी दाखवला की व्याख्यान होईल." असं म्हणाली. हसून म्हणाली की — नको, राहू द्या.

तो पिवळा द्या इकडे. पिशवी नको, खिशात मावतो. — पुरुषांचे पोहायचे कपडे कुठल्या बाजूला, ताई? — नाहीच येत, म्हटलं ना. शिकवतील. आणि तिनं पुन्हा येऊन विचारलंच, तर मी इथे आलो नव्हतो.